चढाला दम टाकणारी जीप : जुन्या टर्बो डिझेल वाहनाची शक्ती कोठे हरवते?

पणजीहून साखळीमार्गे बेळगावकडे निघालेले वाहन केरी गाव मागे टाकून चोर्ला घाटाला लागले, की त्या वाहनाच्या इंजिनाची खरी परीक्षा सुरू होते. सपाटीवर कसलीही तक्रार नसलेली जुनी जीप येथे एकाएकी दम टाकू लागते. चौथ्या गिअरवरून तिसऱ्यावर, तिसऱ्यावरून दुसऱ्यावर यावे लागते. पेडल पायाखाली पूर्ण दाबलेले असूनही वेग वाढत नाही. मागून येणारे मालमोटारीवाले हॉर्न वाजवू लागतात. कशीबशी कणकुंबी गाठल्यावर धनी गाडी गॅरेजात नेतो. तेथे एक मिस्त्री नोझल बदला म्हणतो, दुसरा पंप उतरवा म्हणतो, तिसरा टर्बो गेला असे सांगून मोकळा होतो. तिन्ही सल्ले खर्चाचे आहेत. पुष्कळदा तिन्ही कामे करूनही गाडी पूर्वीसारखीच चढाला अडते आणि शेवटी बोटाएवढ्या जाडीची एक फुटकी रबरी नळी सापडते.

खेडोपाडी अशी वाहने आजही मोठ्या संख्येने वापरात आहेत. रुग्णाला तालुक्याच्या दवाखान्यात नेणे, मुलांना शाळेत पोचविणे, काजू व सुपारीची पोती बाजारात नेणे ही कामे त्यांच्यावर अवलंबून असतात. घाटात ऐन वळणावर शक्ती गमावलेले वाहन हा केवळ गैरसोयीचा विषय नव्हे. पुढची मालमोटार ओलांडण्यास निघालेली गाडी मध्येच अडली तर प्राणावर बेतते. म्हणून दोषाचा शोध कोणत्या क्रमाने घ्यावा, कोणती तपासणी वाहनधारकाने स्वतः करावी आणि कोणती जाणत्या कारागिरावर सोपवावी, याचा विचार येथे केला आहे.

हे विवेचन यांत्रिक पंप असलेल्या टर्बो डिझेल वाहनांपुरते आहे. १९९८ साली बाजारात आलेली टाटा सफारी, २००२ सालच्या सुमाराची महिंद्र स्कॉर्पिओ आणि मित्सुबिशी पजेरो, तसेच त्या पिढीतील टर्बो बसविलेल्या इतर जिपा यांच्या चारही चाकांना ओढ देणाऱ्या प्रकारांत अशी इंजिने आढळतात. त्यानंतर आलेल्या कॉमन रेल इंजिनांत इंधनाचे नियंत्रण विद्युत यंत्रणा करते. तेथे दोष शोधण्याची रीत निराळी आहे आणि पुढे सांगितलेल्या काही कृती तेथे धोक्याच्या आहेत, हे आरंभीच ध्यानात ठेवावे.

शक्ती कोठून येते

पेट्रोल इंजिनात पेडल दाबले म्हणजे हवेचा मार्ग उघडतो. जुन्या डिझेल इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. ते प्रत्येक खेपेस मिळेल तेवढी सर्व हवा आत ओढते आणि पेडलाने ठरते ते केवळ इंधनाचे प्रमाण. पंप जितके अधिक डिझेल देईल तितकी शक्ती अधिक; मात्र ते जाळण्यास पुरेशी हवा हवी. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यास हिशेबाने सुमारे साडेचौदा किलो हवा लागते आणि धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात त्याहून बरीच अधिक द्यावी लागते. हवा कमी पडली की न जळलेला कार्बन काळ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतो.

ही हवेची मर्यादा ओलांडण्यासाठी टर्बोचार्जर योजलेला आहे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या उष्ण वायूंचा जोर वाया न घालविता त्यावर एक चक्र फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने हवा दाबून इंजिनात भरावी, ही ती कल्पना. स्वित्झर्लंडचे अभियंता अल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली तिचे पेटंट घेतले. घाटमाथ्याच्या प्रदेशात तिचे महत्त्व विशेष आहे. समुद्रसपाटीपासून ८०० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ९ टक्क्यांनी कमी होतो. टर्बो नसलेले इंजिन तेथे तितकी हवा गमावते. टर्बो असलेले इंजिन ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. म्हणूनच टर्बोची बाजू लुळी पडली म्हणजे किनाऱ्यावर फारसे जाणवत नाही, आणि घाट लागताच जाणवते.

आधी गाडी अडकलेली नाही ना?

इंजिनाचे बॉनेट उघडण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे आहे : शक्ती खरोखरच कमी झाली आहे, की निर्माण झालेली शक्ती चाकापर्यंत पोचत नाही? चढावर इंजिनाचा आवाज चढत जातो पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही, आणि जळकट वास येतो, तर क्लच प्लेट घसरत आहे असे समजावे. याची परीक्षा सोपी आहे. सपाट मोकळ्या जागी, गाडीपुढे कोणी उभे नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून चौथा गिअर टाकावा, थोडी रेस देऊन क्लच हळूहळू सोडावा. क्लच चांगला असेल तर इंजिन बंद पडते. घसरत असेल तर इंजिन चालूच राहते. ही परीक्षा एकदाच करावी, पुनःपुन्हा केल्यास चांगली प्लेटही जळते.

ब्रेक चिकटून राहणे हे दुसरे कारण. पावसाळ्यात लाल मातीच्या चिखलातून गेलेल्या गाडीचे ब्रेक कॅलिपर किंवा ड्रममधील सिलिंडर गंजून अडकतात. दहा-पंधरा किलोमीटर चालल्यानंतर प्रत्येक चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन पाहावा, लगेच टेकवू नये. एखादेच चाक इतरांहून फार तापलेले असेल तर दोष सापडलाच. चाक जॅकवर उचलून हाताने फिरविल्यावर खात्री पटते.

चार चाकी ओढीच्या गाड्यांत आणखी एक गोष्ट विसरली जाते. ज्या गाडीत ही ओढ लिव्हरने घालावी लागते, अशा बहुतेक गाड्यांत पुढील व मागील आसांमध्ये वेगाचा फरक सामावून घेणारी व्यवस्था नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा मार्ग चालतात. चिखलात हा फरक चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र सारी यंत्रणा पिळवटते आणि कोणी मागून ओढून धरावे तशी गाडी जड होते. शेतातून बाहेर पडल्यावर लिव्हर मोकळा केला असला तरी आतले दाते कधीकधी सुटत नाहीत. अशा वेळी गाडी काही मीटर सरळ मागे घेतली की ताण उतरतो व दाते सुटतात. पुढील चाकांचे हब मोकळे झाले आहेत की नाहीत, हेही पाहावे.

रुबाबासाठी मूळ मापाहून मोठे टायर बसविण्याची हौस अलीकडे वाढली आहे. टायरचा व्यास दहा टक्क्यांनी वाढला तर त्याच गिअरमध्ये रस्त्यावर मिळणारी ओढ जवळजवळ तितकीच घटते. अशा गाडीच्या इंजिनाला दोष देणे अन्यायाचे होईल.

यानंतर पाहावयाचे ते पेडल. हा तपास इतका साधा आहे की बहुधा राहूनच जातो. एकाने आत बसून पेडल पूर्ण दाबावे आणि दुसऱ्याने पंपावरील लिव्हर शेवटच्या टेकणीपर्यंत पोचतो का, ते पाहावे. इंजिन बंद ठेवूनच हे करावे. केबल वर्षानुवर्षे ताणून लांब झालेली असते, किंवा पेडलाखाली जाड पायपुसणे दुमडलेले असते. लिव्हर शेवटास पोचत नसेल तर पंप अधिक डिझेल देणार कोठून? केबलीचे नट फिरवून हा दोष पाच मिनिटांत जातो.

धूर काय सांगतो

आता गाडी चढावर नेऊन मागे बसलेल्या माणसाने धुराकडे लक्ष द्यावे. उभ्या गाडीला रेस देऊन पाहिलेला धूर पुरेसा नाही, कारण भार नसताना टर्बो पूर्ण दाब निर्माण करीत नाही.

काळा दाट धूर आणि शक्ती नाही, याचा अर्थ इंधन येत आहे पण हवा पुरत नाही, किंवा नोझलमधून इंधन नीट फवारले जात नाही. धूर जवळजवळ नाही आणि शक्तीही नाही, याचा अर्थ इंधनच कमी पडत आहे. निळसर धूर इंजिन ऑइल जळत असल्याची खूण आहे. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर न पेटलेल्या डिझेलचा असतो. पंपाचे टायमिंग मागे पडणे किंवा एखाद्या सिलिंडरात कॉम्प्रेशन नसणे ही त्याची कारणे. पांढरा पण न झोंबणारा, गोडसर वासाचा धूर दिसला आणि रेडिएटरचे पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे पाहावे.

या एका निरीक्षणाने अर्धे काम होते. धूर नसलेल्या गाडीचे नोझल बदलणे किंवा काळा धूर ओकणाऱ्या गाडीची डिझेल टाकी धुणे यांत पैसा व वेळ दोन्ही वाया जातात.

हवेचा मार्ग

एअर फिल्टरपासून आरंभ करावा. खाणीच्या रस्त्यांवर किंवा जांभ्या दगडाच्या कच्च्या वाटांवर फिरणाऱ्या गाडीचा फिल्टर पुस्तिकेत दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी भरतो. पावसात कागदी फिल्टर भिजून फुगतो. कित्येक दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या फिल्टरच्या डब्यात उंदराने घरटे केल्याचेही आढळते. फिल्टर झटकून किंवा आतून बाहेर अशी कमी दाबाची हवा मारून तात्पुरता साफ करता येतो. बाहेरून आत हवा मारल्यास धूळ कागदात अधिकच रुतते. फिल्टर काढून टाकून गाडी चालवून पाहण्याची मिस्त्रींची सवय मात्र घातक आहे. टर्बोचे चक्र भाराखाली मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. त्या वेगाने फिरणाऱ्या पात्यांवर वाळूचा कण आदळला तर पात्यांची धार झिजते आणि आत गेलेली धूळ सिलिंडर व रिंगा खाते.

फिल्टर ते टर्बो यांमधील रबरी नळी बाहेरून धडधाकट दिसते. जुनी झाली की तिचा आतला थर सुटतो. इंजिन सावकाश चालत असताना काही होत नाही. जोराने हवा ओढली जाऊ लागली की हा थर आत दुमडून मार्ग बुजवितो. नळी काढून आत बोट फिरविल्याशिवाय हा दोष कळत नाही.

टर्बोच्या पुढचा भाग उलट स्वभावाचा आहे. येथे हवा दाबाखाली असते, म्हणून येथील फट हवा बाहेर टाकते. टर्बो ते इंटरकूलर आणि इंटरकूलर ते इंजिन या मोठ्या नळ्यांना तेलकट धूळ चिकटलेली दिसली तर तेथून हवा फुंकली जात आहे असे मानावे, कारण दाबलेल्या हवेबरोबर तेलाचे सूक्ष्म थेंब असतात. चढावर बॉनेटखालून फुसफुस ऐकू येणे हीही खूण आहे. इंटरकूलरच्या जोडाला पडलेली चीर धुळीने झाकलेली असते. ती पुसून पाहावी. चांगल्या गॅरेजात फिल्टरकडील तोंड बुच लावून बंद करतात, आत बेताची हवा भरतात आणि सर्व जोडांवर साबणाचे पाणी सोडतात. बुडबुडे येतील तेथे दोष. ट्यूबचे पंक्चर शोधण्याचीच ही रीत, आणि दाबही बेताचाच हवा. टायरमध्ये भरतात तितका दाब दिल्यास नळ्या निसटतात व सील फुटतात.

आता त्या बोटाएवढ्या नळीकडे वळू. अनेक टर्बो इंजिनांत पंपाच्या माथ्यावर एक चपटी घुमटी असते. तिच्या आत रबरी पडदा असून इंजिनात शिरणाऱ्या दाबलेल्या हवेचा एक लहान फाटा बारीक नळीने तेथवर आणलेला असतो. टर्बोने दाब निर्माण केला की पडदा खाली दाबला जातो, त्याखालची कांडी सरकते आणि पंप अधिक डिझेल देऊ लागतो. दाब नसेल तर पंप हात आखडता घेतो. ही योजना शहाणपणाची आहे. हवा पोचली नसताना डिझेल ओतले तर नुसता धूर होईल, म्हणून हवा आल्याची वर्दी मिळाल्यावरच इंधन सोडायचे.

पण वर्दी आणणारी नळीच फुटली तर? टर्बो उत्तम, फिल्टर स्वच्छ, पंप निर्दोष, तरीही पंपाला दाबाची वार्ता कळत नाही आणि तो टर्बो नसलेल्या इंजिनाला द्यावे तितकेच डिझेल देत राहतो. गाडीला धूर येत नाही, आवाज बदलत नाही, इंजिन तापत नाही. ती फक्त ओढत नाही. म्हणूनच हा दोष सापडत नाही आणि मिस्त्री एकेक भाग बदलीत जातो. इंजिनाच्या उष्णतेने ही नळी टोकाशी कडक होऊन तडकते, कधी जोडाचे बारीक छिद्र काजळीने बुजते, कधी घुमटीतील पडद्यालाच छिद्र पडते. नळी काढून एक टोक तोंडात धरून फुंकले तर ती फुटकी आहे की तुंबलेली, ते तत्काळ कळते. नवी नळी घेताना डिझेल व तेल सोसणारी, जाड भिंतीची घ्यावी. बागेतील किंवा सलाईनची नळी लावलेल्या गाड्या दिसतात, पण ती उष्णतेने मऊ होऊन दुमडते आणि दोष परत येतो.

याच व्यवस्थेमुळे धुराच्या खुणेत थोडा गोंधळ होऊ शकतो, हे येथे नोंदविले पाहिजे. मोठी नळी फाटून दाब पडला तर घुमटीलाही दाब मिळत नाही, त्यामुळे पंप इंधन आपोआप कमी करतो आणि काळा धूर अपेक्षेइतका दिसत नाही. म्हणजे धूर नाही म्हणून हवेची बाजू निर्दोष, असा निष्कर्ष घुमटी असलेल्या पंपाच्या बाबतीत घाईने काढू नये. अशा वेळी निर्णय देतो तो दाबमापक. इंजिनात हवा जाते त्या नळीला तीन तोंडी जोड बसवून साधा दाबमापक जोडावा, लांब नळीने तो आत आणावा आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण पेडल देऊन दुसऱ्या माणसाने काटा वाचावा. या पिढीतील जिपांत साधारणपणे दर चौरस सेंटिमीटरला अर्धा ते एक किलोच्या दरम्यान दाब मिळतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. दाब पुरेसा असूनही ओढ नसेल तर दोष इंधनाकडे. दाबच नसेल तर नळ्या, टर्बो किंवा सायलेन्सर. काही शे रुपयांच्या या मापकाने हजारोंचा निष्फळ खर्च टळतो, आणि तरीही तालुक्याच्या अनेक गॅरेजांत तो नसतो, ही खेदाची गोष्ट आहे.

खुद्द टर्बो

टर्बो गेला असे म्हणणे सोपे आहे. खात्री करण्यासाठी थंड इंजिनावर फिल्टरकडची नळी काढून चक्राचा दांडा बोटांनी हलवून पाहावा. आडवा किंचित हलणे स्वाभाविक आहे, कारण हा दांडा बॉल बेअरिंगवर नव्हे तर बहुधा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. पुढेमागे मात्र तो जवळजवळ हलता कामा नये. पाती घराला घासल्याच्या खुणा किंवा पात्यांच्या कडा कुरतडलेल्या दिसल्या तर टर्बो खरोखरच निकामी आहे. नळीत तेलाचा पातळ ओशटपणा असणे हा दोष नव्हे. तेल साचून ओघळत असेल तर तो दोष.

दाब मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून टर्बोला एक झडप असते. डब्यासारख्या लहान भागातून निघालेली कांडी ती उघडते व मिटते. कांडी गंजून झडप उघडीच अडकली तर उष्ण वायू चक्राला वळसा घालून निघून जातो आणि दाब येत नाही. जास्त पिकअपसाठी ही कांडी बांधून टाकण्याचे प्रकारही घडतात. त्याने दाब वाढतो खरा, पण हेड गॅस्केट व पिस्टन त्याची किंमत मोजतात.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला पडलेली चीर किंवा टर्बोपूर्वीचे जळलेले गॅस्केट चक्राचा जोर चोरते. अशा ठिकाणी काजळीचा काळा पट्टा उमटतो आणि थंड इंजिन सुरू करताच टकटक ऐकू येते. उलट बाजूस, दगडावर आपटून चेपलेला सायलेन्सर वायूची वाट अडवितो.

टर्बोचे तेलसील पूर्ण फुटल्यास एक भयंकर प्रसंग उद्भवू शकतो. इंजिन स्वतःचेच तेल इंधन म्हणून ओढू लागते, वेग आपोआप वाढत जातो आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी गाडी उभी असेल तर ब्रेक पूर्ण दाबून, सर्वांत वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन गुदमरून बंद पडते. ते न साधल्यास सर्वांनी दूर व्हावे. हवेच्या तोंडावर हात किंवा कापड कधीही धरू नये. निळा धूर व तेलाची घट ही पूर्वसूचना असते. ती मिळूनही गाडी घाटात नेणे म्हणजे संकटाला निमंत्रण होय.

टर्बोचे आयुष्य तेलावर अवलंबून आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचे तेल वेळेवर बदलावे आणि घाट चढून आल्यावर इंजिन मिनिट-दोन मिनिटे सावकाश चालू ठेवूनच बंद करावे. लगेच किल्ली बंद केल्यास तापलेल्या बेअरिंगमधील तेल थांबते, करपते आणि त्याची काजळी तेलाची वाट बुजविते.

इंधनाचा मार्ग

टाकी ते पंप या मार्गात बहुतेक गाड्यांत डिझेल ओढले जाते, ढकलले जात नाही. ही एक गोष्ट नीट समजली की पुष्कळ कोडी सुटतात. ओढणाऱ्या नळीला फट पडली तर डिझेल बाहेर गळत नाही. बाहेरची हवा आत शिरते. जमिनीवर थेंब नाही, नळी कोरडी, म्हणून सर्व ठीक आहे असे वाटते. सकाळी गाडी सुरू होण्यास वेळ लागणे, हँड पंप मारल्यावर लगेच सुरू होणे आणि चढावर गचके खाणे ही लाइनने हवा धरल्याची लक्षणे आहेत. फिल्टर ते पंप यांमध्ये वीतभर पारदर्शक डिझेल नळी तात्पुरती बसविली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात. हँड पंपाचा झिजलेला वायसर, जोडांचे जुने तांब्याचे वायसर आणि क्लिपखाली तडकलेली नळी ही नेहमीची ठिकाणे.

गाडी दहा-वीस किलोमीटर उत्तम चालते, मग शक्ती हरपते, पाच-दहा मिनिटे उभी केली की पुन्हा नीट चालते, असे होत असेल तर टाकीतील जाळीकडे पाहावे. तळाचा गाळ हळूहळू जाळीवर ओढला जाऊन तोंड बंद होते. इंजिन थांबले की तो खाली बसतो. टाकीत हवा घेणारी बारीक वाट बुजल्यावरही असेच घडते. अशा वेळी टाकीचे झाकण उघडताच सुस्कारा ऐकू येतो.

टाकीपासून फिल्टरपर्यंतचा सर्व भाग एका झटक्यात वगळण्याची युक्ती जुने कारागीर जाणतात. स्वच्छ डिझेलचा डबा इंजिनाजवळ, पण एक्झॉस्टपासून दूर घट्ट बांधून पंपाची ओढणारी व परतीची अशा दोन्ही नळ्या त्यात सोडायच्या आणि मोकळ्या चढावर एक फेरी मारायची. गाडी पूर्ववत ओढू लागली तर पंप व नोझल निर्दोष ठरले. ही फेरी जाणत्या मिस्त्रीनेच, प्रवासी न घेता मारावी.

पावसाळ्यात पिंपातून साठविलेले डिझेल वापरणाऱ्यांना पाण्याचा उपद्रव होतो. पाणी तळाशी बसते आणि त्याच्या सीमेवर सूक्ष्म जीव वाढून शेवाळासारखा बुळबुळीत थर तयार होतो. तो फिल्टर लवकर भरतो. फिल्टरखालचा पाण्याचा बुच पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सैल करून पाणी काढून टाकणे हे चालकाचे काम आहे. रॉकेल मिसळलेले डिझेल तर सर्वथा टाळावे. अशा पंपाचे आतले भाग डिझेलनेच वंगण घेतात आणि रॉकेलात ते वंगण नसते.

इंधनातही काळाप्रमाणे बदल झाला आहे. देशभर मिळणाऱ्या डिझेलमधील गंधकाची मर्यादा २०१७ च्या एप्रिलपासून दशलक्ष भागांत ५० आणि २०२० च्या एप्रिलपासून १० झाली. हवेच्या दृष्टीने हे इष्टच आहे. मात्र गंधक काढताना डिझेलची घडणही थोडी बदलते आणि जुन्या पंपांतील वयोवृद्ध रबरी सील आकसून गळू लागतात. पंपाच्या लिव्हरच्या मुळाशी ओल दिसली तर पंप बदलण्याची गरज नसते. सीलचा संच घालून तो पुन्हा तपासून घेतला की काम भागते.

नोझल तपासताना इंजिन सावकाश चालू ठेवून एकेका सिलिंडरच्या पाइपचा नट किंचित सैल करण्याची पद्धत आहे. ज्याचा नट सैल करूनही चालीत फरक पडत नाही तो सिलिंडर दुबळा. नटावर कापड टाकूनच हे करावे आणि हात व चेहरा दूर ठेवावा. शेकडो किलोंच्या दाबाने निघालेली डिझेलची धार त्वचेत शिरते. जखम सुईच्या टोकाएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जाणे आवश्यक आहे, अन्यथा बोट किंवा हात गमवावा लागतो. कॉमन रेल इंजिनात दाब याहून कितीतरी अधिक असतो. तेथे चालू इंजिनाचा नट कोणीही, कधीही सैल करू नये.

इतके सर्व पाहूनही दोष न सापडल्यास कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचे अंतर आणि टायमिंग बेल्टची खूण तपासावी. ऑइल भरण्याचे झाकण काढताच धुराचे भपके येत असतील तर रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन उघडण्यावाचून गत्यंतर नाही. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे असणे हे एकट्या आकड्याहून महत्त्वाचे मानावे.

एका गोष्टीला येथे स्पष्ट विरोध नोंदविणे भाग आहे. दोष सापडला नाही की पंपाच्या मागील सीलबंद स्क्रू फिरवून डिझेल वाढविण्याची प्रथा सर्रास आढळते. गाडी त्या दिवशी जोराने पळते आणि धनी खूश होतो. प्रत्यक्षात हवा तेवढीच राहून इंधन वाढलेले असते. काळा धूर येतो, डिझेल अधिक लागते आणि लांब चढावर बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान सातशे अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाऊन पिस्टनचा माथा, हेड व टर्बोचे घर यांना धोका पोचतो. प्रदूषण तपासणी केंद्रातही ही चलाखी उघडी पडते : भारत स्टेज ४ च्या पूर्वीच्या डिझेल वाहनाला रेस देऊन मोजलेल्या धुरासाठी ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. स्क्रू पूर्वी फिरविला गेला असल्यास पंप कॅलिब्रेशनच्या यंत्रावर लावून मूळ मापावर आणून घ्यावा.

दुरुस्तीनंतर त्याच चढावर, तितक्याच वजनाने, त्याच गिअरमध्ये गाडी पुन्हा नेऊन पाहावी. गाडीच्या वहीत दाबमापकाचा आकडा, धुराचा रंग, बदललेला भाग आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. पुढच्या वेळी गाडी अडली की मिस्त्रीपुढे प्रथम ती वही ठेवावी.